नळीच्या आतल्या भिंतीला कडकपणा कसा द्यावा? (ग्राउट पंपाचा सिलिंडर)

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. ग्राउट पंप बनवतो. सिमेंट, वाळू आणि पाण्याचा पातळ माल पिस्टनने ढकलायचा, एवढंच काम. बोगदे, धरणाची गळती, पायाखालची पोकळी भरणं अशा ठिकाणी आमची मशिनं जातात.

अडचण सिलिंडरची आहे. बाजारात मिळणारी एसटी-५२ (कमी कार्बनचं पोलाद) ची होन्ड, म्हणजे आतून घासून गुळगुळीत केलेली, ट्यूब वापरतो. बोअर, म्हणजे आतली पोकळी, ७५ मिमी, लांबी ६००, भिंतीची जाडी १०. पिस्टन पॉलियुरेथेनचा. काही दिवस छान चालतं, मग बोअरमध्ये उभे चर पडायला लागतात. एकदा चर पडला की पिस्टनची कड फाटते, माल मागे येतो, प्रेशर बसत नाही. गिऱ्हाईक आमच्या नावानं ओरडतं.

आता आतली बाजू कडक करून घ्यायचं ठरवलंय. तीन ठिकाणी विचारलं. एकजण म्हणतो इंडक्शन मारून देतो (विजेच्या कॉइलने तापवून लगेच पाणी), ६० एचआरसी (रॉकवेलवरचं कडकपणाचं माप) गॅरंटी. दुसरा म्हणतो हार्ड क्रोमशिवाय (विजेने चढवलेला क्रोमियमचा थर) काही खरं नाही. तिसरा म्हणतो नायट्रायडिंग करा (पोलादात नायट्रोजन मुरवणं), जॉब वाकडा होणार नाही. तिघंही आपापल्या जागी लई ठाम. कुणाचं ऐकावं? बाहेरून फ्लँज वेल्ड करायचा आहे, म्हणून अख्खी ट्यूब कडक चालणार नाही.

भट्टीवाले काका

शिरोलीकर, भोसरीत आयुष्य भट्ट्यांपुढे गेलं, म्हणून अगोदर पहिल्या माणसाबद्दल बोलतो. एसटी-५२ मध्ये कार्बन जास्तीत जास्त ०.२२ टक्के. एवढ्या कार्बनच्या पोलादाला इंडक्शनने लाल करून पाणी मारलं तर चाळीसच्या आसपास एचआरसी मिळेल, तेही नशीब चांगलं असेल तर. ६० ची गॅरंटी देणाऱ्याने एकतर मटेरियल विचारलं नाही किंवा विचारून कानाआड केलं.

पोलादाची कडक होण्याची कमाल मर्यादा कार्बन ठरवतो. ६० जवळ जायचं तर ०.४५ टक्क्यांच्या आसपास कार्बन लागतो. म्हणजे ईएन-८, ईएन-९ किंवा ईएन-१९ ची ट्यूब घ्या, मग इंडक्शनची भाषा करा. नाहीतर एसटी-५२ सारख्या कमी कार्बनच्या पोलादात बाहेरून कार्बन घाला, म्हणजे कार्बुरायझिंग.

नायट्रायडिंगचंही तसंच. नायट्रोजन कडकपणा देतो तो पोलादातल्या ॲल्युमिनियम, क्रोमियम, मॉलिब्डेनमशी जोडी जमवून. त्यासाठी ईएन-४१बी जातीचं पोलाद लागतं. त्यात १००० विकर्सच्या (कडकपणाचं दुसरं माप) आसपास पृष्ठभाग मिळतो. साध्या एसटी-५२ वर नायट्रायडिंग केलंत तर वर पंधरा-वीस मायक्रॉनचा पातळ थर येईल आणि त्याखाली सगळं मऊ. तेलात चालणाऱ्या जॉबला तो थर उत्तम. वाळूसमोर तो चिखलावर अंथरलेल्या काचेसारखा, वरून कडक, पण खाली टेकूच नाही.

होनिंगवाला

काकांना +१. माझा धंदाच बोअरचा, तर माझ्या बाजूचं सांगतो. कार्बुरायझिंगला ९२० ते ९३० डिग्री लागतात आणि नंतर तेलात बुडवायचं. ६०० लांबीची, १० भिंतीची ट्यूब त्यातून गोल राहून बाहेर येत नाही. लंबगोल होते, कधी केळ्यासारखी वाकते. हे सगळं होनिंगमध्ये काढायचं तर केस (वरचा कडक झालेला थर) तेवढी खोल हवी. केस ०.८ मिमी आणि होनिंगने एकाच अंगाला ०.३ काढलं, की त्या अंगाला अर्ध्याहून थोडी जास्त केस आणि दुसऱ्या अंगाला पूर्ण. पहिल्या अंगाला चर आधी पडणार.

आणि एक. भट्टीत आडवी ठेवलेली ट्यूब माझ्याकडे आणू नका. उभी टांगलेली असेल तरच या.

मुक्त_इलेक्ट्रॉन

इंडक्शनबद्दल थोडं, कारण हे माझं रोजचं काम आहे. आतल्या बोअरचं इंडक्शन हा बाहेरच्या शाफ्टच्या इंडक्शनचा उलटा प्रकार नाही, जास्त अवघड प्रकार आहे. कॉइलमधला करंट स्वभावतः कॉइलच्या आतल्या अंगाने वाहतो. शाफ्ट कॉइलच्या आत असतो, त्यामुळे तिथे ते सोयीचं. पण बोअरमध्ये कॉइल आत आणि जॉब बाहेर. करंट जॉबपासून लांबच्या बाजूला पळतो. म्हणून कॉइलच्या पोटात फेराइट किंवा पत्र्याच्या थरांचा गाभा घालून क्षेत्र बाहेर ढकलावं लागतं. कॉइल आणि भिंत यांत दोन-तीन मिलिमीटर फट, त्याच नळीतून कॉइलचं थंड पाणी, त्याच नळीतून क्वेंचचा, म्हणजे झटक्यात गार करायचा, फवारा. ७५ च्या बोअरमध्ये हे सगळं मावतं. २५-३० च्या खाली गेलात तर रात्री झोप येत नाही.

ट्यूब उभी धरायची, कॉइल खालून वर किंवा वरून खाली सरकवायची, आणि फवाऱ्याचं पाणी तापलेल्या भागाच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. १० किलोहर्ट्झला दोन-तीन मिमी खोली मिळते. भिंत १० ची असेल तर बाहेरूनही पाणी फिरवतात, नाहीतर पूर्ण भिंत तापून फ्लँजची बाजूही कडक होते.

अजून एक रस्ता आहे, काँक्रीट पंपाच्या पाइपवाले तो वापरतात. बाहेरून कॉइल लावून पूर्ण भिंत तापवायची आणि पाणी फक्त आतून मारायचं. आतला भाग झटक्यात गार होऊन कडक होतो, बाहेरचा हळू गार होऊन मऊ आणि वेल्ड करण्याजोगा राहतो. आत कॉइल घालायची कटकटच नाही.

इतिहासप्रेमी

अवांतर: आतून पाणी मारण्यावरून आठवलं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात थॉमस रॉडमन नावाच्या अधिकाऱ्याने तोफा ओतताना मधल्या गाभ्यात पाणी फिरवायची युक्ती काढली होती. ओतीव लोखंड आतून बाहेर असं गोठलं की बाहेरचे थर नंतर आकुंचन पावून आतल्या थराला आवळून धरतात. कडकपणा नव्हे, पण बोअरला कायमचा दाब मिळतो आणि फुटायची शक्यता कमी होते. १५ इंची तोफा या पद्धतीने ओतल्या गेल्या, अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात.

भट्टीवाले काका

अवांतर असलं तरी चांगलं आहे. डिझेल इंजिनच्या हाय-प्रेशर नळ्यांना आजही वेगळ्या मार्गाने तेच करतात. आतून इतका दाब द्यायचा की आतला थर कायमचा ताणला जावा. दाब काढला की बाहेरची भिंत त्याला आवळते. पण तो उपाय तडे जाऊ नयेत म्हणून आहे. शिरोलीकरांच्या ट्यूबला तडे जात नाहीत, ती खरवडली जातेय.

गावाकडचा_इंजिनियर

चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकच्या सिलिंडरमध्ये निकासिल असतं. निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण. तेच मारून घ्या की.

होनिंगवाला

ते ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर असतं भाऊ, आणि तिथे तेलाची फिल्म असते. इथे सिमेंटचा माल आहे.

तेलविहीर

मी मेहसाण्याला तेलक्षेत्रावर असतो, मूळचा साताऱ्याचा. आमच्याकडे जमिनीवर मान हलवणारे पंप असतात, त्यांचा खरा पंप खाली विहिरीत असतो. लांबलचक बॅरल आणि त्यात वर-खाली होणारा प्लंजर. म्हणजे नळीची आतली भिंत कडक करणं हाच आमचा पूर्ण धंदा म्हणा. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं ११एएक्स नावाचं मानक आहे, त्यात बॅरलचे प्रकारच तसे दिलेत: क्रोम केलेलं, नायट्राइड केलेलं, कार्बोनायट्राइड केलेलं, निकेल-कार्बाइडचं. म्हणजे तेवढ्या मोठ्या उद्योगालाही एकच उत्तर सापडलेलं नाही. विहिरीत वाळू किती, पाणी किती खारं, गंधकाचा वायू आहे का, यावर ठरतं.

दोन गोष्टी आमच्याकडे नवीन पोराला पहिल्या आठवड्यात सांगतात. क्रोमच्या बॅरलमध्ये क्रोमचा प्लंजर कधी घालायचा नाही, एकमेकांना चावतात. आणि विहिरीला ॲसिड द्यायचं असेल तर क्रोमचं बॅरल आधी वर काढायचं.

शिरोलीकर

आमचा पिस्टन पॉलियुरेथेनचा, त्यामुळे चावायचा प्रश्न नाही. पण काकांचं ऐकून पोटात गोळा आला. आता सगळ्या ट्यूबा ईएन-९ मध्ये घ्यायच्या का?

अनघा_क्यूसी

थांबा शिरोलीकर दादा. ट्यूब बदलायच्या आधी एक साधा प्रश्न: वाळू कुठली आहे? सगळेजण पोलादाबद्दल बोलताहेत, खरवडणाऱ्याबद्दल कुणीच विचारलं नाही.

नदीची गारेची वाळू म्हणजे क्वार्ट्झ. त्याचा कडकपणा विकर्समध्ये १००० ते ११००. ६० एचआरसीचं पोलाद म्हणजे विकर्समध्ये जेमतेम ७००. म्हणजे तुम्ही इंडक्शन करा, कार्बुराइझ करा, वाळू अजूनही तुमच्या बोअरपेक्षा कडक. झीज कमी होईल पण थांबणार नाही. पृष्ठभाग खरवडणाऱ्या कणाच्या कडकपणाच्या जवळ पोचला की झीज एकदम खाली येते, त्याआधी ती हळूहळूच उतरते. त्यामुळे ४० चं ५० केलं, ५० चं ५५ केलं, याने फारसा फरक दिसत नाही आणि लोक म्हणतात हीट ट्रीटमेंटचा काही उपयोग नाही.

हार्ड क्रोम ८५० ते १०००, म्हणजे बरोबरीच्या जवळ. बोरायडिंगचा (बोरॉन मुरवलेला) थर १४०० च्या वर. ॲल्युमिना त्याहूनही वर.

शिरोलीकर

ताई, वाळू आमच्या हातात नसते, साइटवर जी मिळेल ती. कोल्हापूर-सांगली भागात सगळी क्रश सँड, खाणीची. मागच्या वर्षी कणकवलीच्या बाजूला एक काम होतं, तिथे पांढरी वाळू आली होती. आता तुम्ही म्हणताय म्हणून आठवतंय, सगळ्यात वाईट हाल त्याच मशिनचे झाले होते. मला वाटलं ट्यूबचा लॉट खराब होता.

अनघा_क्यूसी

लॉट खराब नसावा. कोल्हापूरची क्रश सँड म्हणजे काळा दगड, बेसॉल्ट. त्यात मुख्यतः फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन. मोहच्या मापात (खनिजांच्या कडकपणाचं १ ते १० चं माप) ५ ते ६.५. चांगली कडक कानस त्याच मापात साडेसहाच्या आसपास धरतात. म्हणजे दख्खनच्या काळ्या दगडासमोर ६० एचआरसीची भिंत टक्कर देऊ शकते. कण कोनेरी असतात म्हणून ओरखडतात जास्त, पण कडकपणात ते पोलादाला फार वरचढ नाहीत.

कणकवली भागात गोष्ट वेगळी. सिंधुदुर्गात सिलिका वाळूच्या खाणी आहेत, कासार्ड्याची वाळू काचेला आणि ओतकामाला जाते. ते जवळजवळ शुद्ध क्वार्ट्झ. त्याच्यासमोर तुमची एसटी-५२, जी फार तर २०० विकर्स असेल, ती लोण्यासारखी.

मुक्त_इलेक्ट्रॉन

हे वाचून मी माझ्या इंडक्शनची जाहिरात मागे घेतो :) निदान अर्धी.

भट्टीवाले काका

अनघाबाईंनी मुद्द्याला हात घातला. आमच्या भट्टीवर खाणवाल्यांचे जॉब यायचे तेव्हा मी दगडाचा तुकडा मागून घ्यायचो, तो कानशीवर घासून बघायचो. ओरखडा कानशीवर उठला तर केस हार्डनिंगची आशा सोडायची.

आता बोरायडिंगचं. नाव मोहात पाडणारं आहे पण शिरोलीकरांनी त्यात पडू नये. बोरॉनच्या पावडरमध्ये ८५० ते ९५० डिग्रीला काही तास भाजायचं. थर कडक पण ठिसूळ, शंभर मायक्रॉनच्या आसपास. त्यावर होनिंग म्हणजे डायमंडनेच, आणि तेही नुसतं हलकं. ६०० लांबीत तेवढ्या तापमानाला आकार जो बिघडेल तो सुधारायला थर पुरणार नाही.

चंद्रपुरी

राजेहो, मी वीज केंद्रावरचा माणूस. राखेचं पाणी वाहून नेणाऱ्या पाइपांनी आमचा जीव घेतला होता. आमच्याकडे दोन प्रकारचे पाइप पाहिले. एक, आत ओतीव बेसॉल्टचं अस्तर. तोच काळा दगड वितळवून ओतलेला आणि सावकाश गार केलेला. दुसरा प्रकार मला फार आवडतो, त्याची कृती सांगतो.

पोलादी पाइपात ॲल्युमिनियम आणि आयर्न ऑक्साइडची पावडर भरायची, पाइप जोरात फिरवायचा आणि एका टोकाला पेटवायचं. रेल्वेचे रूळ जोडतात तीच थर्मिटची प्रक्रिया. आतलं तापमान २००० डिग्रीच्या वर जातं, लोखंड आणि ॲल्युमिना दोन्ही वितळतात. फिरण्यामुळे जड लोखंड बाहेरच्या भिंतीला चिकटतं, हलकं ॲल्युमिना आत येतं आणि तिथेच गोठतं. तापवायला ना भट्टी लागते, ना वीज. जपानमध्ये ओसामू ओदावारा यांनी ही पद्धत उभी केली.

शिरोलीकर

चंद्रपुरी भाऊ, हे भारीच आहे की! हे होन करता येतं का?

चंद्रपुरी

नाही बाप्पा. आतला पृष्ठभाग खडबडीत असतो, भेगाही असतात. राख नुसती वाहून न्यायला चालतं. तुझा पिस्टन पहिल्याच फेरीत फाटेल. मी फक्त माहितीसाठी सांगितलं.

तेलविहीर

ड्रिलिंग रिगवरचे मड पंप (ड्रिलिंगचा चिखल ढकलणारे) बघा मग. तुमच्या कामाच्या सगळ्यात जवळचे तेच. त्यांचा लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतली नळी, दोन थरांचा असतो. बाहेर साधं पोलाद, आत सेंट्रिफ्युगल (साचा फिरवत) ओतलेलं हाय-क्रोम लोखंड, २६-२८ टक्के क्रोमियमचं. बाहेरचा थर दाब झेलतो, आतला झीज. या लोखंडात क्रोमियम कार्बाइडचे कण असतात आणि ते कण क्वार्ट्झपेक्षा कडक. रबरी पिस्टन, मागून पाण्याचा फवारा. जास्त पैसे असतील तर झिरकोनियाचे लायनरही मिळतात.

भट्टीवाले काका

हे खरं उत्तर आहे, पण ७५ च्या बोअरला, कमी संख्येत, ते ओतून आणि ग्राइंड करून कोण देईल हा प्रश्न. कोल्हापुरात ओतकामाची काही कमी नाही, उद्यमनगरपासून शिरोलीपर्यंत फाउंड्र्याच फाउंड्र्या. हाय-क्रोम ओतणारे त्यांतले थोडे. स्लरी पंपाचे इंपेलर कोण ओततं ते विचारा, तोच माणूस स्लीव्ह (आतली नळी) ओतेल. भिंत किमान ८-१० मिमी ठेवा, आणि ती एसटी-५२ च्या बाहेरच्या नळीत बसवताना ठोकू नका. हाय-क्रोम ठोकाठोकीला फुटतं. बाहेरची नळी दोनशे डिग्रीपर्यंत गरम करून स्लीव्ह अलगद आत सोडायची. फ्लँज बाहेरच्या नळीलाच वेल्ड करा, पण स्लीव्ह बसवायच्या आधी.

परदेशस्थ

मी जर्मनीत बांधकाम यंत्रांच्या क्षेत्रात आहे. शिरोलीकर, तुमच्या पंपाचे मोठे भाऊ म्हणजे काँक्रीट पंप. त्यांचे माल ढकलणारे सिलिंडर २०० ते २३० मिमी व्यासाचे, आणि ते हार्ड क्रोमचेच असतात. पण तो क्रोम हायड्रॉलिक रॉडवर असतो तसला वीस-पंचवीस मायक्रॉनचा नव्हे. साधारण पाव मिलिमीटर. सगळा फरक तिथे आहे. तुमच्या प्लेटिंगवाल्याने किती जाडी सांगितली?

आणि दुसरं, त्या पंपांत हायड्रॉलिक सिलिंडर आणि मालाचा सिलिंडर यांच्यामध्ये पाण्याची पेटी असते. पिस्टन पुढे गेला की मागची भिंत पाण्याने धुतली जाते आणि गारही होते. पिस्टनच्या कडेतून जे थोडं सिमेंट मागे येतं ते तिथे सुकत नाही. तुमच्या मशिनला पाण्याची पेटी आहे का?

शिरोलीकर

प्लेटिंगवाला ३० मायक्रॉन म्हणाला होता. पाण्याची पेटी नाही. पिस्टनच्या मागे मोकळं आहे, हवा.

परदेशस्थ

मग चर कडकपणाआधी तिथून सुरू होत असतील. मागे आलेलं सिमेंट भिंतीवर सुकतं, पुढच्या फेरीत पिस्टनची कड त्याच्यावरून घासते, वाळूचा एखादा कण पॉलियुरेथेनमध्ये रुततो, आणि तोच कण पुढे हजारो फेऱ्या एकाच रेषेत कोरत राहतो. म्हणून तुमचे चर उभे आहेत. नुसती मालाची झीज असती तर बोअर सगळीकडून सारखा मोठा झाला असता.

अनघा_क्यूसी

हे पटलं. मी याच्यापुढे सुचवेन: आधी पाण्याची पेटी, मग जाड क्रोम, आणि कोकणातल्या क्वार्ट्झच्या साइटसाठी हाय-क्रोम स्लीव्ह. तिन्ही एकदम नका करू, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

प्लेटिंगमधला_एक

हा धागा वाचत होतो, क्रोमचं नाव आलं म्हणून लॉगिन केलं.

बोअरमधलं क्रोम म्हणजे नळी टाकीत बुडवली आणि झालं, असं नसतं. नळीच्या बरोबर मध्ये शिशाच्या मिश्रधातूचा ॲनोड (विजेचं धन टोक) उभा करावा लागतो. तो एका बाजूला सरकला तर त्या बाजूला थर जाड, समोरच्या बाजूला पातळ. दुसरं म्हणजे क्रोमचं प्लेटिंग फार वायू सोडतं, करंटचा जेमतेम १० ते २० टक्के भाग क्रोम बसवतो, बाकीचा बराचसा हायड्रोजन काढण्यात जातो. नळीत तो वायू वर चढतो आणि वरच्या टोकाला थर बिघडतो. म्हणून द्रावण खालून पंपाने फिरवावं लागतं.

तुमचा हिशेब करून बघितला. ७५ बोअर, ६०० लांबी, म्हणजे आतलं क्षेत्रफळ १४ चौरस डेसिमीटर. दर चौरस डेसिमीटरला ४० अँपिअर धरले तर साडेपाचशे-सहाशे अँपिअर. ताशी २० मायक्रॉनने २५० मायक्रॉनला बारा-तेरा तास, आणि होनिंगसाठी वरून थोडं जास्त. ३० मायक्रॉन सांगणारा दीड तासात मोकळा होतो. दर वेगळा का असतो ते कळलं असेल.

एक विनंती. स्वस्तात करून देणारा शोधू नका. यातलं सहा संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. सांडपाणी आम्लात मेटाबायसल्फाइटने क्षपण करून, मग चुन्याने बसवून काढावं लागतं. ते न करणारा नेहमीच स्वस्त पडतो. युरोपात तर सप्टेंबर २०१७ पासून क्रोमिक ॲसिड खास परवानगीशिवाय वापरता येत नाही.

होनिंगवाला

क्रोमच्या आधी बोअर होन करून द्या, मोठा करून, म्हणजे २५० मायक्रॉन बसल्यावर माप परत ७५ ला येईल. प्लेटिंग खालचा ओरखडा झाकत नाही, उलट ठळक करतं. आणि दोन्ही टोकांच्या कडा गोल करा. टोकाच्या धारेवर करंट गोळा होतो, तिथे गाठी येतात आणि पिस्टन आत घालताना त्याच गाठी त्याची कड कापतात.

शिरोलीकर

मंडळी, एवढं कुणी फुकट सांगत नाही. ठरवलंय: एका मशिनला आधी पाण्याची पेटी बसवतो, सिलिंडर तोच जुन्या पद्धतीचा. दुसऱ्याला पेटी आणि पाव मिलिमीटर क्रोम. दोन्ही कोल्हापूर भागातच, एकाच खाणीच्या वाळूवर. हाय-क्रोम स्लीव्हची चौकशी चालू केली आहे, इंपेलर ओतणारा एक भेटलाय.

एक शंका. क्रोम झाल्यावर कडकपणा मोजायचा कसा? आमच्याकडच्या रॉकवेलचं डोकं बोअरमध्ये जात नाही.

अनघा_क्यूसी

आणि गेलं तरी चालणार नाही. रॉकवेलचा टोचा थरातून आरपार जाऊन खालचं मऊ पोलाद मोजेल. प्लेटिंगबरोबर त्याच नळीची तीस-चाळीस मिलिमीटरची कापलेली रिंग ठेवायला सांगा, टोकाला जोडून. ती आडवी कापून, मोल्ड करून, पॉलिश करून मायक्रो-विकर्सवर बघायची. थराची जाडी चारही बाजूंना मोजा, ॲनोड मध्ये होता की नाही ते तिथेच कळेल. पुढे कधी कार्बुरायझिंग केलंत तर केसची खोली ५५० विकर्सच्या रेषेपर्यंत मोजायची, डोळ्यांना काळा दिसणारा थर मोजायचा नाही. हीट ट्रीटमेंटवाले बहुधा काळा थर मोजून जास्तीचा आकडा देतात.

तेलविहीर

मी पहिल्यांदा ॲसिडबद्दल लिहिलं होतं, ते तुमच्या कामाला कसं लागू पडतं ते आत्ता लक्षात आलं. साइटवर सुकलेलं सिमेंट काढायला पोरं काय वापरतात?

शिरोलीकर

ॲसिडच. फरशी धुवायचं ते, हार्डवेअरच्या दुकानातलं. ब्रशने घासतात.

तेलविहीर

तेच हायड्रोक्लोरिक. क्रोमला ते सरळ विरघळवतं. बॅरलवरचा जुना क्रोम काढायचा असेल तर आमच्याकडे त्यातच बुडवतात. तुमचा बारा तासांचा थर एखादं पोरगं एका दुपारीत धुऊन काढेल. मशिन सुकू द्यायचंच नाही, काम संपलं की लगेच पाणी आणि स्पंजचा गोळा. सुकलंच तर लाकडी किंवा नायलॉनच्या पट्टीने खरवडायचं.

प्लेटिंगमधला_एक

शंभर टक्के. आमच्याकडे जॉब परत आला की पहिला संशय याचाच. सिलिंडरवर बाहेरून ठळक अक्षरांत रंगवून घ्या, मराठी आणि हिंदी दोन्हीत: ॲसिड लावू नये. आणि चलनावर हे लिहून द्या, तोंडी सांगू नका: बोअर हार्ड क्रोम, होनिंगनंतर २५० मायक्रॉन; टेस्ट रिंग सोबत; ईएन-९ किंवा ईएन-१९ ची ट्यूब असेल तर प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत १९० ते २०० डिग्रीला बेकिंग (पोलादात शिरलेला हायड्रोजन काढायला तापवणं). एसटी-५२ ला बेकिंगची एवढी घाई नाही, पण केलेलं बरं.

शिरोलीकर

चलनावर लिहितो. हिंदीतलं कुणीतरी नीट लिहून द्या, आमचं हिंदी म्हणजे सगळा आनंद.